संवेगाचा हिशेब आणि मोमेंटमची हवा

अमेरिकी वेळेनुसार २६ सप्टेंबर २०२२ च्या संध्याकाळी, पृथ्वीपासून सुमारे १ कोटी १० लाख किलोमीटर अंतरावर, नासाने ‘डार्ट’ हे यान डायमॉर्फस नावाच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवले. यानाचे वस्तुमान जेमतेम ५८० किलो, वेग सेकंदाला सहा किलोमीटरच्या पुढे. समोरचा लघुग्रह मात्र दीडशे मीटरहून मोठा आणि अब्जावधी किलोंचा. हा डायमॉर्फस आपल्या थोरल्या जोडीदाराभोवती, म्हणजे डिडिमॉस या लघुग्रहाभोवती, ११ तास ५५ मिनिटांत एक फेरी पूर्ण करत असे. धडकेनंतर हीच फेरी ११ तास २३ मिनिटांवर आली. त्याच्या वेगात पडलेला फरक होता सेकंदाला तीन मिलिमीटरपेक्षाही कमी.

खरी गंमत पुढे आहे. यानाने जेवढा संवेग सोबत नेला होता, त्याच्या साधारण साडेतीन पट संवेग लघुग्रहाला मिळाला. वरचा संवेग आला कुठून? धडकेने उडालेला दगडधोंडा आणि धूळ उलट्या दिशेने अवकाशात फेकली गेली, आणि तिच्या झटक्याने लघुग्रह आणखी मागे रेटला गेला. जमा आणि खर्च दोन्ही बाजू जुळल्या. हा साडेतीनचा आकडा मात्र अजून पक्का नाही, कारण डायमॉर्फसचे वस्तुमान कुणी थेट मोजलेले नाही. ते मोजायला ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपचे ‘हेरा’ यान निघाले. एका गुणाकारातला एक आकडा नक्की करण्यासाठी दुसरे यान पाठवायचे, इतका हा हिशेब काटेकोर.

आता टीव्ही लावा. व्यापारविषयक वाहिनीवर अमुक शेअरमध्ये ‘जबरदस्त मोमेंटम’ आहे. क्रिकेटच्या वाहिनीवर एका षटकात ‘मोमेंटम शिफ्ट’ झाला आहे. बातम्यांमध्ये कुठल्याशा आघाडीने लोकसभेचा मोमेंटम विधानसभेपर्यंत टिकवायचा आहे. व्यायामशाळेतला प्रशिक्षक सांगतो, एक दिवस चुकवू नका, मोमेंटम जाईल. नाव भौतिकशास्त्रातून घेतलेले. पण नावाबरोबर आणखी काय आणले? माझे मत आधीच सांगून टाकतो. भौतिकशास्त्रातला संवेग टिकून राहायला कोणतेही कारण लागत नाही, तो बदलायचा तर कारण लागते. बाजारात, मैदानावर आणि राजकारणात बहुतेक वेळा याच्या नेमके उलट घडते. तिथली घोडदौड चालू राहायलाच रोज नवे कारण लागते. हा फरक ज्यांनी ओळखला, त्यांनी या कल्पनेतून उपयोगी काही मिळवले. इतरांनी नुसता शब्द वापरला.

कारण न लागण्याची ही गोष्ट माणसाला सहज पटलेली नाही. ॲरिस्टॉटलच्या मते हलणाऱ्या वस्तूला कुणीतरी सतत ढकलत असलेच पाहिजे. मग हातातून सुटलेला दगड पुढे का जातो? तर मागची हवा त्याला ढकलते. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या जॉन फिलोपोनसने या उत्तरावर शंका घेतली. चौदाव्या शतकात पॅरिसच्या जाँ ब्युरिदाँने त्याऐवजी ‘इम्पेटस’ची कल्पना मांडली: फेकणारा माणूस दगडात एक जोर भरतो आणि तो जोर दगडाला पुढे नेतो. वस्तुमान जास्त, वेग जास्त, तर हा जोरही जास्त. समालोचक आज संघात ‘मोमेंटम आला’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात न्यूटन नसतो, ब्युरिदाँ असतो. संघात काहीतरी भरले गेले आहे आणि ते आता संघाला पुढे नेणार आहे, असे त्याला म्हणायचे असते.

१६४४ मध्ये देकार्तने सांगितले की विश्वातल्या गतीचे एकूण प्रमाण कायम राहते आणि ते मोजायचे आकार गुणिले चाल असे. दिशेला त्याने या मोजणीत घेतलेच नाही, आणि तिथेच हिशेब फसला. ओल्या मातीचे दोन सारखे गोळे सारख्या वेगाने समोरासमोर आदळून चिकटले की जागच्या जागी थांबतात. देकार्तच्या हिशेबाने इतकी गती नाहीशी झाली. दिशा धरली तर एक गोळा अधिक, दुसरा उणे, बेरीज आधीही शून्य आणि नंतरही शून्य. १६६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने टकरींचे नियम मागवले. वॉलिस, रेन आणि हायगेन्स या तिघांनी उत्तरे पाठवली आणि त्यातून दिशेसकटचा संवेग उभा राहिला. १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त न्यूटनने दुसरा नियम मांडला तो या संवेगाच्या बदलाचाच. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे शाळेत पाठ केलेले रूप नंतरचे, सोयीचे.

कॅरमवर हे सगळे एका फटक्यात दिसते. स्ट्रायकर १५ ग्रॅमच्या आसपास, सोंगटी पाच-साडेपाच ग्रॅमची. सरळ समोर फटका बसला की हलकी सोंगटी स्ट्रायकरच्या मूळ वेगाच्या जवळजवळ दीडपट वेगाने सुटते आणि स्ट्रायकर निम्म्या वेगाने तिच्या मागोमाग जातो. सोंगटीपाठोपाठ स्ट्रायकरही खिशात जाऊन दंड बसतो तो यामुळे. कट मारला तर दोघांच्या दिशा फुटतात, पण त्यांच्या संवेगांची दिशेसकट बेरीज मूळ संवेगाशी जुळते. चांगला खेळणारा हा हिशेब कागदावर कधीच करत नाही.

संवेग आणि ऊर्जा यांची गल्लत मात्र चांगल्या चांगल्यांची होते. लायब्निझने १६८६ मध्ये देकार्तवर टीका करताना सांगितले की खरी टिकणारी गोष्ट वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग ही आहे, आणि मग पुढची कित्येक दशके युरोपातले पंडित भांडत राहिले. आज पाहता दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या, दोघांची मोजमापे वेगळी होती. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी १४४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ४० मीटर वेगाने येत असेल, तर त्याचा संवेग ६.४ एकक भरतो. ६४ किलोचा माणूस सेकंदाला दहा सेंटीमीटर इतका रेंगाळत चालला तर त्याचाही संवेग तेवढाच. पण चेंडूची गतिज ऊर्जा माणसाच्या ४०० पट. म्हणून तो माणूस अंगावर टेकला तर कळतही नाही, आणि चेंडू बरगडी मोडतो. झेल घेताना क्षेत्ररक्षक हात मागे घेतो तेव्हा चेंडूचा संवेग कमी होत नाही. तो शून्यावर आणायला जास्त वेळ मिळतो, म्हणून हाताला बसणारे बल कमी होते.

१९२० मध्ये रॉबर्ट गॉडर्डच्या रॉकेटची खिल्ली उडवताना ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अग्रलेखात लिहिले होते की पोकळीत रॉकेटला ढकलायला समोर काही नसते, तेव्हा ते चालणार कसे. रॉकेट स्वतःचाच वायू मागे फेकून पुढे जाते, त्याला हवेचा टेकू लागत नाही, हे संपादकांना ठाऊक नव्हते. पत्राने चूक दुरुस्त केली ती १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना. आम्हा लिहिणाऱ्यांचे संवेगाशी जुने वाकडे आहे.

विसाव्या शतकाने या कल्पनेला आणखी खोल नेले. १९१८ मध्ये एमी नोएथर या जर्मन गणितज्ञ बाईंनी दाखवले की अक्षय्यतेच्या नियमांमागे समरूपता असते. निसर्गाचे नियम पुण्यात जे, तेच पणजीत आणि तेच दूरच्या दीर्घिकेत. जागा बदलली म्हणून नियम बदलत नाहीत, आणि संवेग टिकतो तो यामुळे. प्रकाशाला वस्तुमान नाही, तरी संवेग आहे. १९२३ मध्ये कॉम्प्टनने क्ष-किरण आणि इलेक्ट्रॉन यांच्या टकरीतून ते दाखवले, आणि २०१० मध्ये जपानच्या ‘इकारोस’ यानाने सूर्यप्रकाशाच्या रेट्यावर शिडासारखा पातळ पडदा उभारून प्रवास केला.

पुढच्या तुलनेसाठी यातल्या तीन गोष्टी हाताशी ठेवू. संवेगाला दिशा असते. तो निर्माण होत नाही, एकाकडून दुसऱ्याकडे जातो. आणि त्याला इतिहास नसतो: चेंडू गेल्या अर्ध्या सेकंदात कसा आला याच्याशी त्याला देणेघेणे नाही, आत्ताचे वस्तुमान आणि आत्ताचा वेग एवढेच त्याला पुरते.

शेअर बाजारातला मोमेंटम या तिसऱ्या कसोटीवरच वेगळा पडतो, कारण तो म्हणजे निव्वळ इतिहास. गेल्या सहा किंवा बारा महिन्यांत जे शेअर इतरांहून जास्त वाढले ते पुढचे काही महिनेही इतरांहून बरे चालतात, जे पडले ते पडेलच राहतात, असा हा दावा आहे. तो नुसत्या दलालांच्या गप्पांतला नाही. आल्फ्रेड काऊल्स आणि हर्बर्ट जोन्स यांना १९३७ मध्येच त्याची चाहूल लागली होती. पण अर्थशास्त्राच्या सभ्य जगात तो आला १९९३ मध्ये. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या नरसिंहन जगदीश आणि शेरिडन टिटमन यांनी १९६५ ते १९८९ या काळातले अमेरिकी शेअर तपासले. गेल्या सहा महिन्यांतले विजेते विकत घ्यायचे, पराभूत विकायचे, सहा महिने थांबायचे. एवढ्या साध्या नियमाने वर्षाला सरासरी १२ टक्के जादा परतावा दिसला.

बाजारभावात सगळी माहिती आधीच मुरलेली असते, जुन्या भावावरून पुढचा भाव सांगता येत नाही, असे मानणाऱ्या शिकागोच्या संप्रदायाला हा मोठाच धक्का होता. त्याचे प्रमुख युजीन फामा यांनी पुढे मान्य केले की त्यांच्या सिद्धांताला सर्वांत जास्त अडचणीत आणणारी विसंगती हीच. फामांच्याच हाताखाली क्लिफ ॲसनेस यांनी मोमेंटमवर प्रबंध लिहिला आणि नंतर त्यावर पैसे मिळवणारी कंपनी काढली. शिष्याने गुरूचे म्हणणे असे खोडावे की त्यातून गुंतवणूक कंपनीच उभी राहावी, हे शिकागोतच घडू शकते.

मोमेंटम आहे असे ठरले, पण का आहे? इथे मतभेद आहेत आणि मला ते आकड्यांपेक्षा मोलाचे वाटतात. एक उत्तर असे की बातमी बाजारात हळूहळू पसरते. कंपनीचा नफा अपेक्षेहून वाढला हे आज दहा जणांना कळते, महिन्याने शंभरांना, आणि भाव हप्त्याहप्त्याने चढतो. दुसरे उत्तर माणसाच्या स्वभावातले आहे. हर्श शेफरिन आणि मीर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये दाखवले की माणसे वाढलेला शेअर लवकर विकतात आणि पडलेला उराशी धरून बसतात. ‘विकला नाही तोवर तोटा झालाच कुठे?’ हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक डीमॅट खात्यामागे कुणीतरी म्हणत असतेच. या स्वभावामुळे चांगल्या शेअरवर विक्रीचा दाब राहतो आणि तो जिथे पोचायला हवा तिथे उशिरा पोचतो; वाईट शेअर धरून ठेवल्यामुळे पडायलाही उशीर करतो. म्हणजे या अर्थाने बाजारातला मोमेंटम वेगामुळे नसून उशिरामुळे तयार होतो. तिसरे उत्तर मेंढरांच्या कळपाचे: भाव वाढतो म्हणून लोक घेतात, लोक घेतात म्हणून भाव वाढतो.

पहिली दोन उत्तरे खरी असतील तर भाव योग्य जागी पोचल्यावर घोडदौड थांबायला हवी. तिसरे खरे असेल तर भाव योग्य जागेच्या पुढे जाऊन उलटा फिरायला हवा. व्हर्नर डी बाँट आणि रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्येच दाखवले होते की तीन ते पाच वर्षांचा पल्ला धरला तर जुने पराभूत जुन्या विजेत्यांना मागे टाकतात. म्हणजे महिन्यांच्या मापाने बाजार सरळ चालतो आणि वर्षांच्या मापाने उलटा फिरतो. असे वागणारा दगड न्यूटनने कधी पाहिला नव्हता.

आणि तो उलटा फिरतो तेव्हा बेदम मारतो. केंट डॅनियल आणि टोबियस मॉस्कोविट्झ यांनी २०१६ मध्ये मोमेंटमच्या अपघातांचा हिशेब मांडला. मार्च ते मे २००९, म्हणजे जागतिक मंदीच्या तळातून अमेरिकी बाजार वर येत असताना, आधीचे पराभूत शेअर १६३ टक्के वाढले आणि विजेते अवघे ८ टक्के. १९३२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये हेच आकडे २३२ आणि ३२ होते. विजेते घेऊन पराभूत विकणाऱ्याचे वर्षानुवर्षांचे उत्पन्न अशा दोन-तीन महिन्यांत साफ होते.

दलाल स्ट्रीटला हे शिकवायला अमेरिका लागत नाही. सेन्सेक्सने १,००० चा टप्पा ओलांडला जुलै १९९० मध्ये. २,००० ला पोचायला त्याला जवळजवळ दीड वर्ष लागले. तिथून ३,००० फेब्रुवारी १९९२ अखेरीस, ४,००० मार्च अखेरीस. २२ एप्रिल १९९२ रोजी तो ४,४६७ वर होता. त्या दिवसांत मुंबईत कुणालाही विचारले असते तर त्याने सांगितले असते की बाजाराला आता कुणी अडवू शकत नाही. प्रत्यक्षात बाजार स्वतःच्या जोरावर चाललेला नव्हता. बँकांमधल्या रोखे व्यवहारांतून आणि पोकळ बँक पावत्यांमधून हर्षद मेहता आणि मंडळींकडे आलेला पैसा त्याला रोज ढकलत होता. पत्रकार सुचेता दलाल यांच्या बातमीने तो पैसा कुठून येतो हे उघड झाले, ढकलणारा हात थांबला आणि वर्षभरात निर्देशांक निम्म्याच्या आसपास आला. ॲरिस्टॉटलचे भौतिकशास्त्र आकाशात चुकले, दलाल स्ट्रीटवर मात्र ते चपखल बसते: ढकलणारा थांबला की वस्तू थांबते.

आज हाच मोमेंटम नियमबद्ध होऊन सामान्य गुंतवणूकदारापर्यंत आला आहे. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या निर्देशांक कंपनीने ऑगस्ट २०२० मध्ये ‘निफ्टी २०० मोमेंटम ३०’ सुरू केला. त्यात सहा आणि बारा महिन्यांचा परतावा, भावातल्या चढउतारांनी भागून, पाहिला जातो आणि जून व डिसेंबरमध्ये यादी बदलते. यावर आधारलेले म्युच्युअल फंडही आहेत. यात लबाडी काही नाही. नियम उघड आहे, आणि मोठ्या पडझडीचा धोकाही उघड आहे. माझी तक्रार त्याच नावाने मोबाइलवर विकल्या जाणाऱ्या दुसऱ्या मालाबद्दल आहे: पंधरा मिनिटांचा तक्ता, दोन रेघा, आणि ‘मोमेंटम पकडा’ असा सल्ला. जगदीश आणि टिटमन यांचे संशोधन महिन्यांबद्दल आणि शेकडो शेअरांच्या गठ्ठ्याबद्दल आहे, एका शेअरच्या एका दुपारबद्दल नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक सौदेकऱ्यांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या पुढे.

खुद्द न्यूटनही यातून सुटला नाही. १७२० मध्ये तो लंडनच्या टांकसाळीचा प्रमुख होता, वय ७७. साउथ सी कंपनीचे शेअर त्याने वसंतात चांगल्या नफ्यात विकले. भाव चढतच राहिला, त्याला राहवले नाही, आणि उन्हाळ्यात तो चढ्या भावाने परत शिरला. फुगा फुटला तेव्हाचा त्याचा तोटा वीस हजार पौंडांच्या घरात सांगितला जातो. त्या प्रसंगी त्याने काढलेले म्हणून जे उद्गार सर्वत्र फिरतात त्यांचा पुरावा कच्चा आहे, म्हणून ते इथे देत नाही.

मैदानाकडे वळू. थॉमस गिलोविच, रॉबर्ट व्हॅलोन आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९८५ मध्ये बास्केटबॉलमधल्या ‘हात तापला आहे’ या समजुतीची तपासणी केली. १०० पैकी ९१ प्रेक्षकांना वाटत होते की लागोपाठ दोन-तीन बास्केट केलेल्या खेळाडूची पुढची बास्केट व्हायची शक्यता जास्त असते. फिलाडेल्फियाच्या संघाच्या नोंदींत तसे काही सापडले नाही. तीस वर्षे हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून होता. माणसाला योगायोगात नक्षी दिसते, एवढेच.

मग २०१८ मध्ये जोशुआ मिलर आणि ॲडम सानहुर्हो यांनी त्या हिशेबातच एक बारीक खोट दाखवली. ती समजायला सोपी आणि पटायला अवघड आहे. नाणे तीनदा उडवा. शक्य असलेले आठ क्रम लिहा. प्रत्येक क्रमात छाप्यानंतर लगेच छापा किती वेळा आला, याचे प्रमाण काढा. ज्या दोन क्रमांत पहिल्या दोन फेकींत छापाच नाही ते सोडून द्या आणि उरलेल्या सहांची सरासरी घ्या. उत्तर निम्मे यायला हवे असे वाटते. येते ५/१२, म्हणजे ४२ टक्क्यांच्याही खाली. (शंका असेल तर करून पाहा, पाच मिनिटे लागतात.) छोट्या मालिकेत असे मोजले की नाणेसुद्धा ‘थंड’ दिसते. तेव्हा ज्या खेळाडूचे प्रमाण निम्मे आले तो खरे तर थोडा तापलेलाच असणार. मूळ आकडे या दुरुस्तीने पाहिल्यावर हात तापल्याच्या खुणा निघाल्या. चाहत्यांनी अतिशयोक्ती केली होती, पण पंडितांनी त्यांना वेड्यात काढले तेही चुकलेच.

एका नेमबाज हाताबद्दल हे झाले. अकरा जणांच्या संघाचा मोमेंटम दिवसांमागून दिवस टिकतो, हा दावा त्याहून फार मोठा आहे आणि पुरावा त्याहून फार थोडा. १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडला भारत ३६ धावांत गारद झाला. कर्णधार विराट कोहली घरी परतणार होता. मोमेंटम म्हणून काही असेल तर तो सगळा ऑस्ट्रेलियाकडे होता. दहा दिवसांत मेलबर्नला अजिंक्य रहाणेने ११२ धावा काढल्या आणि भारत आठ गडी राखून जिंकला. सिडनीला सामना अनिर्णित राहिला आणि १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनच्या गाबा मैदानावर, जिथे ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर कसोटी हरला नव्हता, भारताने तीन गडी राखून सामना आणि मालिका जिंकली. समालोचकांना विचाराल तर ते म्हणतील, मोमेंटम फिरला. प्रत्येक निकालानंतर लागू पडणारे आणि निकालाआधी काहीच न सांगणारे स्पष्टीकरण कशालाही चालते.

राजकारणात तर हे आणखी बेधडक चालते. १९८० मध्ये जॉर्ज बुश, म्हणजे थोरले बुश, आयोवातली रिपब्लिकन उमेदवारीची पहिली लढत जिंकल्यावर आपल्याकडे ‘बिग मो’ आला म्हणून खूश होते. पाच आठवड्यांत न्यू हॅम्पशायरमध्ये रेगननी त्यांना धूळ चारली. आपल्याकडे यालाच ‘हवा’ म्हणतात. जून २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला आणि १७ महायुतीला मिळाल्या, तेव्हा विधानसभा निवडणूक म्हणजे उपचार उरला, असे म्हणणारे दोन्ही बाजूंना भेटत. २३ नोव्हेंबरला निकाल लागला: २८८ पैकी महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांना मिळून २३०, आघाडीच्या तिघांना मिळून ४६. मधल्या साडेपाच महिन्यांत लाडकी बहीण योजनेचे हप्ते खात्यात जमा झाले होते, प्रचाराची यंत्रणा बदलली होती, जागावाटपाचे वाद झाले होते. यातल्या कशाचे वजन किती, यावर वाद घालता येईल. पण लोकसभेला दोन्ही बाजूंच्या मतांतले अंतर एक टक्काभरही नव्हते, ही गोष्ट जूनमध्येही सर्वांना उपलब्ध होती. जागांच्या आकड्याने डोळे दिपले होते.

सवयींच्या बाबतीत मोमेंटमचा सल्ला निरुपद्रवी असतो, पण त्याचा एक भाग अपाय करतो: साखळी तुटली की सगळे संपले, ही भीती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात ९६ जणांनी रोज एक छोटी गोष्ट करायची होती. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसागणिक हा काळ १८ ते २५४ दिवस असा पसरला होता. मधे एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन नेव्हिन यांनी १९८३ मध्ये तर ‘वर्तनाचा मोमेंटम’ असा रीतसर सिद्धांतच मांडला. त्यांच्या कबुतरांना एका रंगाच्या दिव्यात जास्त दाणे मिळत, दुसऱ्यात कमी. अडथळे आणले की जास्त दाण्यांच्या दिव्यातले टोचणे जास्त टिकून राहत असे. इथे निदान वस्तुमानाच्या जागी काय आहे हे तरी कुणीतरी सांगितले आहे: मिळत आलेल्या बक्षिसाची समृद्धी.

बाहेर नेलेल्या या कल्पनेचा मला सर्वांत प्रामाणिक वाटणारा वापर लोकसंख्याशास्त्रातला आहे, आणि टीव्हीवर तोच सर्वांत कमी ऐकू येतो. नेथन कीफिट्झ यांनी १९७१ मध्ये दाखवले की एखाद्या देशातल्या स्त्रिया उद्यापासून सरासरी दोनच मुलांना जन्म देऊ लागल्या, तरी त्या देशाची लोकसंख्या कित्येक दशके वाढत राहते. कारण साधे आहे. आधीच्या मोठ्या पिढ्या जन्मून बसलेल्या आहेत. त्या तरुण होतील, त्यांना मुले होतील, आणि त्या वेळी म्हातारे असणाऱ्यांची, म्हणजे मृत्यूंची, संख्या तुलनेने कमी असेल. इथले वस्तुमान कल्पनेतले नाही, ते हाडामांसाचे आहे, वयोगटांच्या तक्त्यात मोजता येते. दिशा आहे, आकडा आहे, आणि तो केव्हा ओसरेल हे आधी सांगता येते. धोरण बदलून तो एका रात्रीत थांबवता येत नाही. आणीबाणीत सक्तीच्या नसबंदीने तो थांबवू पाहणाऱ्यांना हे कुणी सांगितले होते की नाही कोण जाणे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीत, १९९२-९३ मध्ये, भारतात दर स्त्रीमागे सरासरी ३.४ मुले होती आणि महाराष्ट्रात २.९. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, हे आकडे २.० आणि १.७ झाले. लोकसंख्या जिथल्या तिथे राहायला लागणाऱ्या २.१ च्या दोन्ही खाली. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार भारताची लोकसंख्या शिखर गाठेल ती २०६० च्या दशकाच्या सुरुवातीला, १७० कोटींच्या आसपास.